जुनी लष्करी रायफल : चमकवायची की आहे तशी ठेवायची?

धागाकर्ता
एका संग्राहकाची मोसिन-नागां ९१/३० ही सोव्हिएत लष्करी रायफल पाहिली. लाकडी दस्ता सँडपेपरने घासून वर चकचकीत व्हार्निश चढवलेलं, शस्त्रागाराचे शिक्के साफ पुसलेले. फार वाईट वाटलं. मूळ मोसिन १८९१ मध्ये रशियन सैन्यात आली, पुढे कोट्यवधी बनल्या, म्हणूनच ती वर्षानुवर्षं स्वस्त मिळत राहिली. स्वस्त आहे म्हणून तिच्यावर सुतारकाम शिकायचं का? गोदामातलं घट्ट ग्रीस काढा, गंज थांबवा, तपासून घ्या आणि खुशाल चालवा. दस्त्याला पोचे असतील तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवा. दबलेले तंतू फुगून वर येतात. घासायची गरजच नाही.

दस्तामिस्त्री
असहमत. तुम्ही जपताय ते ‘मूळ’ कुठलं? युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनीच या रायफली खोलल्या, एकीचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) दुसरीला लावला, जुना क्रमांक खोडून नवा टाकला, दस्त्यांवर शेलॅक (लाखेचं रोगण) फासलं. त्यांनी केलं तो इतिहास आणि मी केलं की नासधूस, हे पटत नाही.

धागाकर्ता
तो खोडलेला क्रमांकच तर वाचायचा असतो! ही रायफल लढाईनंतर परत आली, दुरुस्त होऊन कोठारात गेली, हे त्यातूनच कळतं. सँडपेपर काही सांगत नाही, फक्त पुसतो.

सावधपणे
दोघंही चालवण्याबद्दल फार निर्धास्त आहात. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या ‘मॉडेल १९०३’ रायफलींमध्ये साधारण ८ लाखांखालच्या क्रमांकांचं पोलाद चुकीच्या उष्णता-प्रक्रियेमुळे ठिसूळ झालं होतं. काही फुटल्याही. बाहेरून बघून कुणाला कळणार? माझ्या मते जुनी शस्त्रं भिंतीवरच बरी.

धागाकर्ता
त्या विशिष्ट रायफलींबाबत पूर्ण सहमत, त्या चालवूच नयेत. बाकीच्यांची हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड ते काडतूस नळीत जिथे अडतं ती जागा, यांमधलं अंतर) जाणकाराकडून गेज लावून तपासून घ्या, बोल्ट बदललेला असेल तर नक्कीच. पण सरसकट भिंतीवर नको. ९१/३० चा नेम संगीन लावून जुळवलेला असे. संगीन काढली की गोळी बाजूला सरकते. हे चांदमारीवरच उमगतं.

आणि नळ्या खराब होतात त्या बहुतेक निष्काळजीपणाने. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळीच्या आतले पेचदार आटे खाऊन टाकतो. नुसत्या तेलाने तो जात नाही, कारण तो तेलात विरघळत नाही. त्याच दिवशी बोल्ट काढून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाच्या) बाजूने नरसाळ्याने कढत पाणी ओता, कोरडे कपडे फिरवा, मग तेल. बोल्टचं तोंडही धुवा, ते हमखास राहून जातं.

दस्तामिस्त्री
पाण्याचं शंभर टक्के मान्य. शिक्के असतील तिथे मीही घासणार नाही. पण तडकलेला दस्ता उघडून, चिकटवून, जवसाचं तेल मुरवून मी उभा करणारच. तडकलेल्या लाकडात रायफल बसवून कुणी गोळी झाडू नये.