ब्रू स्टँडला १/२ इंची स्टेनलेस ट्यूब टाकायचीये, आधी थोडं विचारून घेतो

गॅरेजवाला
नमस्कार मंडळी. मिशिगनमधे असतो, चार वर्षं झाली गॅरेजमधे बिअर करतोय. तीन भांड्यांचा स्टँड आहे, तिन्ही एकाच उंचीवर, प्रत्येक १५ गॅलनचं, खाली दोन मॅग्नेटिक पंप. गरम पाण्याच्या टाकीत कॉइल सोडलीये, मॅश (म्हणजे भिजत घातलेल्या माल्टचं पाणी) त्यातून फिरवून ६६-६७ डिग्रीला धरून ठेवतो. आत्ता सगळं सिलिकॉनच्या नळ्यांवर चालतं आणि त्याचाच वैताग आलाय, दर वेळी नळ्या काढा, दुसरीकडे लावा, त्यात मागच्या महिन्यात एक नळी बर्नरच्या ज्वाळेला लागून वितळली आणि एकदा कपलर (नळीचा जोड) निसटून हातावर गरम वर्ट (बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) आला. बायको म्हणाली आता एक तर हे नीट कर नाहीतर बंद कर.

तर १/२ इंच ओडीची (बाहेरचा व्यास) ३०४ ग्रेड स्टेनलेस ट्यूब आणून सगळं पक्कं करायचं ठरवलंय. प्रश्न असे की भिंतीची जाडी ०.०३५ इंच घेऊ का ०.०४९? ट्यूब वाकवू का एल्बो (तयार काटकोनी जोड) लावू? आणि वेल्डिंग करावं का कॉम्प्रेशन फिटिंगवर (नट आवळून बसणारा जोड) भागेल? वेल्डिंग मला येत नाही, एक मित्र करून देतो म्हणतोय.

फेसाळ
०.०३५ घ्या. घरच्या पंपाचं प्रेशर ते किती, जाड भिंत घेऊन फक्त वाकवायला जड जाईल आणि आतली जागा कमी होईल. पण एक लक्षात घ्या, १/२ इंच हे बाहेरचं माप आहे, आतून ०.४३ इंचच मिळतात. तुमची सिलिकॉनची नळी आतून १/२ इंच असणार, म्हणजे क्षेत्रफळात चौथ्या हिश्श्याएवढी जागा गेली. पंपाच्या पुढे ते चालून जातं, फ्लो तसाही आपण व्हॉल्व्हने दाबूनच ठेवतो. पंपाच्या आधी मात्र अजिबात नको. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, त्यांच्याकडे ते आपोआप वाहत यायला लागतं, आणि उकळता वर्ट असेल तर ओढायच्या बाजूला जरा अडथळा आला की आत वाफेचे बुडबुडे होऊन पंप नुसता घरघरत बसतो. भांड्यापासून पंपापर्यंत आखूड, रुंद, सरळ उतरती नळी ठेवा. पंपाचं आउटलेट वरच्या दिशेला, व्हॉल्व्ह आउटलेटवर. आणि उलटा यू कुठेही करू नका, तिथे हवा अडकते आणि मग पंपावर चापट्या मारत बसायचं, मी बसलोय.

वाकवायचं म्हणाल तर तांब्याच्या ट्यूबवाला स्वस्त बेंडर स्टेनलेसला पुरत नाही, दांडा वाकतो पण ट्यूब वाकत नाही. स्टेनलेसचा बेंडर भाड्याने आणा. ९० चा बेंड करताना दोन-तीन डिग्री जास्त वाकवा कारण सोडलं की थोडं परत येतं. पहिले चार-पाच फूट भंगारात जाणार हे धरूनच चला.

पानेवाला
कॉम्प्रेशनबद्दल माझे दोन पैसे. डबल फेरूलवाल्या (नट आवळला की ट्यूबवर दाबून बसणाऱ्या दोन रिंगा) फिटिंगला १/२ इंचासाठी हाताने घट्ट केल्यावर सव्वा फेरा, बस. नटवर मार्करने खूण करा आणि मगच पाना लावा. ट्यूब आत टेकेपर्यंत गेली पाहिजे, कापलेलं टोक आतून-बाहेरून कानशीने साफ केलेलं पाहिजे. सगळ्यात जास्त लोक फसतात ते बेंडमधे, बेंड संपला की लगेच फिटिंग लावतात. फेरूलला बसायला सरळ ट्यूब लागते, निदान दीड इंच तरी सोडा. दोन वेगळ्या कंपन्यांचे नट-फेरूल एकत्र करू नका. बाकी जिथे स्टेनलेसच्या आट्यात स्टेनलेसचा आटा जातो तिथे टेफ्लॉन टेप लावाच, गळतीसाठी तर लागतेच पण कोरडं आवळलं की आटे एकमेकांना चिकटतात आणि मग ते जोडपं आयुष्यभर सुटत नाही.

सायफन
मी उलटं सांगतो, सगळं पक्कं करू नका. मी मिनेसोटात आहे. मीही हौसेने अख्खा स्टँड पक्का केला होता, चकाचक, फोटो काढण्यासारखा. डिसेंबरात ब्रू करून धुऊन झोपलो, एका सखल बेंडमधे पाणी राहिलं, रात्री गॅरेज गोठलं आणि सकाळी पंपाचं प्लॅस्टिकचं डोकं तडकलेलं. तुमच्याकडेही हीच थंडी असणार. नळ्यांचं एक सुख होतं, उचलली, झटकली, टांगून ठेवली.

आणि नळीत घाण साठली तर दिसते तरी. माझा एक टू-पीस बॉल व्हॉल्व्ह वर्षभराने उघडला, बॉलच्या मागे जे काही होतं त्याचा वास अजून आठवतो. तेव्हापासून थ्री-पीसच, चार बोल्ट काढले की मधला भाग हातात.

आर्गन_काका
मी पुण्यात असतो, बिअर बनवत नाही (आपल्याकडे दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बनवता येतही नाही, तेव्हा हेवा तेवढा करू द्या 😄) पण डेअरी आणि फार्माच्या एसएस पाइपिंगमधे वीस वर्षं गेली म्हणून बोलतो. तुम्ही जे विचारताय तेच आम्ही मोठ्या मापात करतो.

मित्राला एकच प्रश्न विचारा, आतून आर्गन सोडणार का? बाहेरून टिग वेल्ड (आर्गन वायूच्या आडोशाने केलेलं वेल्डिंग) कितीही सुंदर दिसू दे, आत हवा असेल तर वेल्डच्या मागच्या बाजूला काळी खरखरीत फुलकोबी उगवते. तिच्या खाचांत साखर आणि प्रोटीन अडकतं आणि कितीही सोडा फिरवा, निघत नाही. १/२ इंचात आत हात जात नाही की ब्रश नीट लागत नाही. पर्जिंग, म्हणजे हे आतून आर्गन सोडणं, करत असेल तर वेल्ड करा, नाहीतर कॉम्प्रेशन बरं, आणि जिथे वरचेवर उघडायचं तिथे टीसी क्लॅम्प (हाताने उघडणारा पट्ट्याचा जोड).

दुसरं म्हणजे स्लोप. आम्ही १०० ला १ धरतो, मीटरला एक सेंटिमीटर. सगळ्या लाइनी एका सगळ्यात खालच्या बिंदूकडे उतरल्या पाहिजेत आणि तिथे ड्रेन व्हॉल्व्ह. मिनेसोटावाल्यांचा पंप स्टेनलेसने नाही फोडला, स्लोप नसल्याने फुटला. टी लावून बंद फाटा लांब ठेवू नका, त्यात पाणी फिरत नाही. तापमापक बसवायचा तर टीचा फाटा शक्य तेवढा आखूड.

तिसरं, ब्लीच जवळपास सुद्धा नको. क्लोरीनने ३०४ ला बारीक खड्डे पडतात. आणि दोन्ही टोकं आवळून लाइन ताणून बसवू नका, मीटरभर ट्यूब ८० डिग्रीने तापली की सव्वा-दीड मिलिमीटर वाढते. एखादा बेंड असू दे, तो ते गिळतो.

फेसाळ
काका, तुम्ही इकडे या, दोघं मोठी माणसं घरात असली की वर्षाला २०० गॅलनपर्यंत कायद्याने चालतं, फक्त विकायची नाही 😀

गॅरेजवाला
सगळ्यांचे आभार, विशेषतः सायफन यांचे, कारण गोठण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि मी मस्तपैकी जमिनीलगत एक आडवी लाइन काढून ठेवली होती. आता असं ठरवलंय: गरम पाण्याची बाजू आणि पंपापासून कॉइलपर्यंतचा भाग ट्यूबमधे, ०.०३५, कॉम्प्रेशनवर, सगळा उतार एका ड्रेनकडे. भांड्यापासून पंपापर्यंत आखूड सिलिकॉन. उकळल्यानंतर प्लेट चिलरकडे (वर्ट झटपट थंड करणारं यंत्र) जाणारी लाइनही नळीच ठेवतो, शेवटची १५ मिनिटं उकळता वर्ट त्यातूनच फिरवून जंतू मारतो, आणि नंतर ती सोडवून धुता येते. मित्राला पर्जिंगचं विचारलं तर म्हणाला "त्याची काय गरज", म्हणजे विषय संपला.

एकच राहिलं. कॉइल टाकीत वेटोळी आहे, तिला स्लोप कुठून देणार? ती रिकामी कशी करता?

सायफन
तोंडाने फुंकून बघितलंय, दम लागतो. छोटा एअर कॉम्प्रेसर, रेग्युलेटर अगदी कमीवर, वरच्या टोकातून हवा आणि खालचं टोक बादलीत. बादली घट्ट धरा, पहिला फवारा छतापर्यंत जातो.