जुलैची चार्टर सहल: डर्बीची तिकिटं सगळ्यांची काढायची का?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

मिशिगन तळ्यावर मासेमारीसाठी विस्कॉन्सिनमधल्या रसीनहून चार चार्टर बोटी (कॅप्टनसकट भाड्याच्या) ठरल्या आहेत, नावं २३ आली आहेत. एका बोटीवर सहापेक्षा जास्त पाहुणे घेता येत नाहीत, म्हणून चार. आपला शनिवार नेमका सालमन-अ-रामा डर्बीच्या, म्हणजे तिथल्या मासेमारी स्पर्धेच्या, नऊ दिवसांत पडतोय. तिकीट म्हणजे त्या स्पर्धेची नोंदणी. एका कॅप्टननी सुचवलंय की मंडळाने सगळ्यांची तिकिटं एकगठ्ठा काढावीत आणि खर्च वर्गणीत धरावा. समितीत दोन मतं आहेत. मोठा मासा लागला आणि खिशात तिकीट नसलं तर जन्मभर हळहळ, असं काहींचं म्हणणं. ज्यांना रीळ कुठल्या बाजूने फिरवायचं ठाऊक नाही त्यांना स्पर्धेत कशाला उतरवता, असं बाकीच्यांचं. जाणकारांनी लिहावं.

---

प्रेषक: अण्णा, रसीन

एकगठ्ठा अजिबात काढू नका. पैसे फार नाहीत, घोळ नावांचा होतो. तिकीट माणसाच्या नावावर असतं आणि बक्षीस त्याच नावाला मिळतं. २३ तिकिटं काढलीत की आदल्या रात्री दोघंतिघं गळणार, त्यांच्या जागी कोणाचा तरी मेहुणा येणार, आणि बोटीवर भलत्याच नावाची किंवा कोरी तिकिटं राहणार. सकाळी पंचवीस पौंडी किंग (चिनूक सालमन) वर आला की कोऱ्या तिकिटावर नाव टाकायचा मोह भल्याभल्यांना होतो, कॅप्टनसुद्धा त्यातून सुटत नाही. डर्बीचा पहिला नियम बहुतेक ठिकाणी हाच असतो: नोंदणी गळ पाण्यात पडायच्या आधी. मागाहून भरलेलं तिकीट म्हणजे लबाडी, आणि तिकडे काणाडोळा करायचे दिवस गेले. ३० सप्टेंबर २०२२ ला क्लीव्हलंडला लेक एरीच्या वॉलाय माशांच्या स्पर्धेत पाच माशांच्या पोटातून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे निघाले. वजन वाढवायला ते भरणाऱ्या दोघा स्पर्धकांनी पुढच्या वर्षी कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा दिवसांचा तुरुंगवास झाला, बोट गेली. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांत म्हणूनच माशाचं पोट चिरून बघतात आणि विजेत्याला पॉलिग्राफला (खोटं पकडायच्या चाचणीला) बसवायचा हक्क नियमांत राखून ठेवलेला असतो.

दुसरं म्हणजे, एका बोटीवर एक तर सगळ्यांची तिकिटं, नाही तर कोणाचंच नाही. सहा पाहुण्यांमागे पाण्यात नऊ ते बारा रॉड असतात आणि मासा कोणत्या रॉडला लागेल हे माशाच्या मर्जीवर. पाळी ठरलेली असते. तिकीट नसलेल्याच्या पाळीला मोठं धूड लागलं की बोटीवर कुजबुज सुरू होते, "अरे, रॉड त्याच्या हातात दे ना!" रॉड हातातून हातात गेला की मासा डर्बीतून बाद, आणि ज्याची पाळी होती त्याचा दिवस वाया. दोन्हीकडून नुकसान.

आता डेकवरची एक गोष्ट, जी बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. डाऊनरिगरवरचा (जड गोळ्याने दोरी खोल नेणाऱ्या यंत्रावरचा) रॉड होल्डरमध्ये वाकून उभा असतो. मासा लागून दोरी धरणारी क्लिप सुटली की तो ताडकन सरळ होतो आणि दोरीला झोळ पडतो. तो झोळ लगेच गुंडाळला नाही तर गळ तोंडातून सुटतो. म्हणून मदतनीस झडप घालून रॉड काढतो, भराभर रीळ फिरवतो, वजन जाणवलं की रॉड पाहुण्याच्या हातात देतो. रोजच्या चार्टरवर हेच योग्य. स्पर्धेत मात्र याच गोष्टीवरून मासा नाकारला जाऊ शकतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांप्रमाणे होल्डरमधला रॉड ज्याचा त्यानेच लगेच उचलायचा, आणि झुंज चालू असताना दुसऱ्याने रॉड, रीळ किंवा दोरीला हात लावायचा नाही. स्थानिक डर्बी यात कधी सूट देते, कधी देत नाही. त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा आणि कॅप्टनला आधीच विचारा की तुमचा माणूस रॉड काढून देणार की आम्ही काढायचा. "आम्ही" असं उत्तर आलं तर धक्का सोडायच्या आधी प्रत्येकाने रिकामा रॉड होल्डरमधून दोनतीनदा काढून बघावा. रॉड आधी मागे खेचू नये, वर उचलावा, नाही तर बुंधा होल्डरच्या खाचेत अडकतो. उचलल्यावर टोक पाण्याकडे ठेवून वजन लागेपर्यंत रीळ फिरवत राहावं. मासा दोरी ओढत पळत असेल तेव्हा मात्र रीळ फिरवू नये. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सरकत असतो, दोरी आत येत नाही.

---

प्रेषक: भाऊ, ग्रँड रॅपिड्स

अण्णांनी पद्धत सांगितली, मी मुळावर येतो. माझ्या मते चार्टरच्या पाहुण्यांनी डर्बीत उतरूच नये. थंड पाणी किती खोलीवर आहे, खालच्या प्रवाहात गोळ्याजवळचा वेग किती, फ्लॅशर (माशाला भुलवणारी चकचकीत पट्टी) कुठल्या रंगाचा, हे सगळं कॅप्टन ठरवतो. तो उन्हाळाभर रोज पाण्यावर असतो. त्याच्यासमोर अठरा फुटी बोट घेऊन रविवारी निघणारा माणूस कुठे टिकणार? पाहुणा पंधरा मिनिटं रीळ फिरवतो आणि बक्षीस घेऊन जातो. बोटींच्या स्पर्धांत परवानाधारक कॅप्टनांचा गट वेगळा ठेवतात तो उगाच नाही. वैयक्तिक डर्बीतही चार्टरवरच्या माशांचा गट वेगळा हवा. तो नसेल तर आपण आपणहून बाजूला राहावं.

---

प्रेषक: अण्णा, रसीन

भाऊ, बोटींच्या स्पर्धेबद्दल पटतं. तिथे मासा बोटीच्या खात्यावर जातो, त्यामुळे परवानाधारक कॅप्टनच्या बोटीने व्यावसायिकांच्या गटातच राहावं. वैयक्तिक डर्बीचं तसं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तुमच्याच मिशिगन राज्यातल्या लडिंग्टनसमोर ४७.८६ पौंडांचा चिनूक निघाला आणि १९७८ चा ४६.०६ पौंडांचा मिशिगनचा विक्रम मोडला. तो चार्टर बोटीवरच्या एका १९ वर्षांच्या पाहुण्याने ओढला होता आणि राज्याच्या नोंदीत नाव त्या पोराचंच लागलं. सरकार ज्याला मासेमार मानतं त्याला डर्बीने मानायला हरकत काय? शिवाय हे मासे काही या तळ्यातले मूळचे नाहीत. मिशिगन राज्याने १९६६ ला कोहो (लहान जातीचा सालमन) आणि १९६७ ला चिनूक सोडले, ते एलवाइफ माशांचा सुळसुळाट आवरायला आणि लोकांना गळाचा खेळ मिळावा म्हणून. आजही पिल्लं सोडायला लायसन्स आणि सालमन स्टँपचे (सालमन धरायच्या जादा परवान्याचे) पैसे लागतात, आणि ते पाहुणाही भरतो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. डर्बी डोक्यात शिरली की सहलच बदलते. जुलैत मोठा किंग थंड पाण्यात, बेचाळीस ते पन्नास फॅरनहाइटच्या आसपास असतो, म्हणजे बऱ्याचदा खूप खोल. त्याच्यामागे लागलं की सगळे रॉड खाली जातात, मोठे फ्लॅशर आणि फ्लाय (नकली आमिष) लागतात, आणि तासतास काही हलत नाही. वरच्या पाण्यात छोटे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) ओढले तर कोहो आणि स्टीलहेड (ट्राउट मासा) एकामागून एक लागू शकतात, पोरं उड्या मारतात. पाच तासांच्या सहलीचे पैसे या दुसऱ्या गोष्टीसाठी भरलेत, निदान आपल्या २३ पैकी बहुतेकांनी. कॅप्टनला मात्र आपल्या बोटीवरून डर्बी जिंकलेली हवी असते, पुढच्या वर्षीचं बुकिंग त्यावर होतं. एकगठ्ठा तिकिटांची सूचना कुठून आली असेल ते ओळखा. त्यात वाईट काही नाही, पण ती त्याची गरज आहे, आपली नव्हे.

---

प्रेषक: ताई, नेपरव्हिल

करांची कामं करते म्हणून तेवढंच लिहिते. डर्बीचं बक्षीस हे उत्पन्नच, करपात्र. रोख रक्कम मोठी असेल तर आयोजक सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. बोटीसारखी वस्तू मिळाली तर तिच्या बाजारभावावर कर लागतो आणि तो भरायला रोकड आपल्या खिशातून जाते, हे लोक विसरतात.

यंदा यादीत बऱ्याच जणांचे आईवडील आहेत, भेटीला आलेले. अमेरिकेच्या करासाठी ते अनिवासी. त्यांच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के आधीच कापून घेतात, फॉर्म वेगळा, पासपोर्टची प्रतही मागू शकतात. त्यात डर्बी नऊ दिवसांची. आज पहिला असलेला मासा आठव्या दिवशी पाचवा होतो, आणि पॉलिग्राफचं बोलावणं आलं तेव्हा बाबा पुण्याला पोचलेले. ज्यांचं परतीचं विमान निकालाआधी आहे त्यांनी तिकिटाच्या फंदात पडू नये.

आणि बक्षीस मिळालं तर बोटीवरच्यांना काय द्यायचं ते निघण्याआधी बोलून घ्या. कायद्याने बक्षीस तिकीटवाल्याचं. भाड्यावर पंधरा-वीस टक्के टिप हा निराळा हिशेब. पण मदतनीसाच्या मनात एक आकडा असतो आणि आपल्या मनात दुसरा. एका इ-मेलमध्ये लिहिलेलं बरं.

---

प्रेषक: सहल समिती

सर्वांचे आभार. भाऊंचा मुद्दा आयोजकांपर्यंत पोचवू, यंदा तो आपल्या हातात नाही. असं ठरवलंय: वर्गणीत तिकीट नाही. ज्यांना डर्बी खेळायची आहे त्या सहा जणांची एक बोट, बाकी तीन बोटी बिनतिकिटाच्या आणि त्यांना कोहो चालतील. डर्बीवाल्यांनी तिकीट स्वतः, स्वतःच्या नावावर, शुक्रवार रात्रीपर्यंत काढायचं आणि त्याचा फोटो या लिस्टवर टाकायचा. सातवा कोणी आला तर त्याने वाट पाहायची. लायसन्स प्रत्येकाचं वेगळं, सालमन स्टँप विसरू नये. १६ वर्षांखालच्या मुलांना विस्कॉन्सिनमध्ये लायसन्स लागत नाही.

एक प्रश्न राहिला. दोन पालकांना मुलांना डर्बीच्या बोटीवर न्यायचं आहे. चालेल?

---

प्रेषक: अण्णा, रसीन

मुलांचा गट वेगळा असेल तरच. बारा वर्षांच्या मुलाला वीस पौंडी किंग एकट्याने ओढायला वीस मिनिटंही लागतात, आणि दहाव्या मिनिटाला बाप रॉडला हात घालतोच. मग सगळंच फुकट. कोहोच्या बोटीवर न्या, तिथे हवी तेवढी मदत करा.

डर्बीच्या बोटीसाठी वजनाचं लिहून ठेवतो. मासा वर आला की मदतनीस सवयीने कल्ला कापून रक्त काढतो, मांस चांगलं राहतं म्हणून. डर्बीचा मासा असेल तर त्याला आधीच थांबवा, काही औंस तिथेच जातात आणि बक्षिसं शतांश पौंडाने हुकतात. पोट साफ करू नका, न साफ केलेलाच मासा वजनकाट्यावर चालतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फावर आडवा ठेवा, उन्हात डेकवर पडला तर सुकून हलका होतो. घरचा पिकनिकचा कूलर नेऊ नका, पंचवीस पौंडी किंग तीन फुटांहून लांब भरतो. कॅप्टनकडे माशाची इन्सुलेटेड पिशवी आहे का विचारा. धक्क्यावर उतरल्यावर मासे साफ करण्याच्या टेबलाकडे वळायच्या आधी काट्यावर जा, आणि माशाबरोबर तिकीटवाला स्वतः हवा. काटा किती वाजता बंद होतो ते पाहून कॅप्टनला परतायची वेळ सांगा. दुपारच्या फेरीला हे हमखास चुकतं.

जिंकलात तरी तो मोठा किंग कालवणाला फार खाऊ नका. जुन्या मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी हे घातक रसायन जास्त साठतं, राज्याचा खाण्याबद्दलचा सल्ला बघून घ्या. कालवणाला कोहोच बरा. डर्बीवाल्यांनी बाकीच्या तीन बोटींशी आत्ताच सलोख्याने राहावं.