बीबीए (सीए): एक ना धड, भाराभर चिंध्या?

हिशेबी_माणूस (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्याकडे मुलाखती झाल्या. कंपनी म्हणजे सिंहगड रोडला दोन खोल्या आणि नऊ माणसं. घाऊक व्यापाऱ्यांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देतो. अकरा मुलं आली, त्यातली सात बीबीए (सीए) झालेली. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: यातलं सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. पुणे विद्यापीठात कॉमर्सकडून जे बीसीए व्हायचं, त्याचंच हे बारसं केलेलं नाव. या मुलांचा २०१९चा पॅटर्न. पहिल्या सत्रात प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट आणि सी लँग्वेज शेजारी शेजारी, दुसऱ्यात फायनान्शियल अकाउंटिंग आणि रिलेशनल डेटाबेस. कागदावर बघाल तर आमच्यासाठीच घडवलेला माणूस.

सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. दुकानदाराने गेल्या महिन्यात दहा पेट्या नेल्या, आज तीन परत पाठवल्या. डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, काय कराल?

सातपैकी पाच जणांनी सांगितलं, अपडेट करू, दहाचे सात. एकाने फळ्यावर क्वेरी लिहून दाखवली, वेअर क्लॉजसकट, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. म्हटलं, अरे बाबा, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरून झाला. ते बिल सरकारदरबारी दहा पेट्यांचं गेलंय, आता त्याला हात लावणारा तू कोण? गप्प. क्रेडिट नोट (माल परत आला की मूळ बिल तसंच ठेवून वेगळी काढतात ती नोट) हा शब्द ऐकलाय का? म्हणाला, "हो सर, अकाउंट्सला होती. पाच मार्कांना."

त्या पोराचा राग नाही आला, वाईट वाटलं. तीन वर्षं दोन विषय शिकला आणि ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत हे कुणी सांगितलंच नाही त्याला. माझं मत स्पष्ट आहे: बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करा, नाहीतर बीकॉम करून एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन वर्षं घासा. हे मधलं काही करू नका. झोडा आता.

चिंचवडची_चिमणी

झोडतेच. मी स्वतः त्याच मधल्या डिग्रीची. आज सॅपमध्ये (कंपन्यांचा माल आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) एमएम, म्हणजे माल-खरेदीच्या मॉड्यूलची फंक्शनल कन्सल्टंट आहे.

पहिली नोकरी सपोर्ट डेस्कची होती. चाकणच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर काकांचा फोन आला, "ताई, मिगो झालं पण मिरो अडकलं." म्हणजे माल गोदामात जमा झाला, पण पुरवठादाराचं बिल चढत नाही. माझ्या शेजारी बसणारा इंजिनिअर, चांगल्या कॉलेजचा, हुशार, एरर कोड घेऊन गुगल करत बसला. मी काकांना विचारलं, पीओ (खरेदीची ऑर्डर) किती नगांची, माल किती आला, बिल किती नगांचं? पीओ पाचशेची, माल चारशे ऐंशी, बिल पाचशेचं. सिस्टीम बरोबरच होती, चूक बिलात होती. हे मला कोडिंगमुळे कळलं नाही. पीओ, माल आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हे आमच्या कॉमर्सच्या मॅडमनी डोक्यात बसवलं होतं म्हणून कळलं.

तुम्ही उरलेल्या चौघांना तोच प्रश्न विचारला होतात ना? त्यांची उत्तरं का नाही लिहिलीत?

हिशेबी_माणूस

पकडलंत. चौघांपैकी तिघे इंजिनिअर होते आणि तिघांनीही मूळ बिलालाच हात लावला. एक तर डिलीट करून नवीन बिल घालायला निघाला होता. पण इंजिनिअरने अकाउंटिंग शिकलोय असा दावा केलेला नसतो हो. बीबीए (सीए)च्या मार्कशीटवर ते छापलेलं असतं.

मुळशी_पॅटर्नवाला_नव्हे

+१ धागाकर्त्याशी. चिंध्याच.

गोधडीवाली_आजी

चिंध्यांचीच गोधडी होते हो. शिवणारं कुणी पाहिजे.

तासिकेवाला

शिवणार कोण, ते मी सांगतो. नऊ वर्षं याच कोर्सला शिकवतोय, तासिका तत्त्वावर. कॉलेजचं नाव विचारू नका.

कोर्स विनाअनुदानित. म्हणजे मुलांच्या फीवर चालतो आणि फीचा पहिला घास माझ्या पगाराला मिळत नाही. मॅनेजमेंटचे विषय कॉमर्स विभागातले लोक घेतात, त्यांची स्टाफरूम जुन्या इमारतीत. आम्ही कॉम्प्युटरवाले नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. अकाउंटिंग शिकवणाऱ्या मॅडम आणि मी नऊ वर्षांत तीन वेळा बोललो असू, तेही पेपर तपासणीला. त्या जर्नल एंट्री शिकवतात, मी प्रायमरी की शिकवतो. तुमचा क्रेडिट नोटचा प्रश्न नेमका या दोन इमारतींच्या मधल्या पार्किंगमध्ये पडलेला असतो.

आणि प्रोजेक्ट! तो तर या कोर्सचा प्राण असायला हवा. दरवर्षी 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम', 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत मागच्या बॅचचा ईआर डायग्राम (डेटाबेसचा आराखडा). एकदा मी एका गटाला सांगितलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आठवडाभर बसा आणि उधारीची वही कशी चालते ते बघून या. वही बघितली तर एका पानावर तीन घरांची उधारी, कारण तिघी जावा-जावा आणि पैसे सासूबाई देतात. पोरांनी महिनाभर डोकं लावलं की 'कस्टमर' म्हणायचं कुणाला. इतका सुंदर प्रोजेक्ट पुन्हा झाला नाही. बाहेरच्या परीक्षकांनी "फॉर्म्युलेशन वीक" म्हणून मार्क कापले.

तेव्हा डिग्री वाईट, हे मला मान्य नाही. डिग्री अजून सुरूच झालेली नाही.

राइनकाठचा

तासिकेवाले सर, तुमची पार्किंग वाचून राहवलं नाही.

मी जर्मनीत मानहाइमला असतो. इकडे या विषयाला एक अख्खं नाव आहे, विर्टशाफ्ट्सइन्फॉरमाटिक. ही जोडडिग्री म्हणजे बिझनेसची अर्धी आणि कॉम्प्युटरची अर्धी नव्हे, तो वेगळाच विषय मानला जातो, त्याचे वेगळे प्राध्यापक असतात. सॅप १९७२ मध्ये इथूनच जवळ सुरू झाली, मुख्यालय वाल्डॉर्फला, माझ्या घरापासून लोकलने फार लांब नाही. हिशेब आणि मशीन यांची सोयरीक इकडे जुनी आहे, त्यामुळे कुणी नाकं मुरडत नाही.

आणि डुआले होखशूलमधला प्रकार तर फारच आवडला मला. साधारण तीन महिने कॉलेजात, तीन महिने कंपनीत, पुन्हा कॉलेजात, अशी तीन वर्षं. कंपनी आधी पक्की करायची, मग प्रवेश, आणि पगार पूर्ण तीन वर्षं. सासर-माहेर चालतं तसं. क्रेडिट नोट काय ते मुलाला पहिल्या उन्हाळ्यातच कळतं, कारण चूक केली की सेक्शनमधली बाई खुर्ची सरकवून येते.

मुळशी_पॅटर्नवाला_नव्हे

आलं, जर्मनी आलं. आमच्याकडे कंपनी आधी पक्की करून पगार? इथे इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पैसे भरून मिळतं.

अर्धवट_बीकॉम

मला कुणी एक सांगा, इतके वाद घालताय पण त्या 'बीबीए' अक्षरांचं काय? मी २०२२ ला पास झालो. एका मोठ्या आयटी कंपनीचा फॉर्म भरत होतो. डिग्रीच्या यादीत बीसीए होतं, बीएस्सी होतं, बीबीए (सीए) नव्हतं. बीबीए निवडलं तर पुढचं पान एचआर आणि सेल्सच्या नोकऱ्यांचं उघडलं. बीसीए निवडलं तर कागदपत्रं तपासताना खोटी माहिती दिली म्हणून बाद. हेल्पलाइनला फोन केला, ती बाई म्हणाली, "सर, अदर्स सिलेक्ट करा." अदर्स निवडलं. आजतागायत उत्तर नाही. विप्रोचा विल्प, टीसीएसचं इग्नाइट, या भरतीच्या सगळ्या वाटा बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठी आखलेल्या. आम्ही दारात चप्पल काढून उभे.

चिंचवडची_चिमणी

हे मात्र खरं. मी पण हे भोगलंय. डिग्रीत काय शिकवलं यापेक्षा कंसातल्या दोन अक्षरांनी जास्त छळलं.

कृषी_सेवा_श्रीरामपूर

नमस्कार. मी नेहमी वाचतो, लिहीत नाही. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, गणित घेतलेलं नाही. तिला हाच कोर्स करायचाय. गावातले लोक म्हणतात सीईटी द्यावी लागते, कॉलेजवाले म्हणतात आमच्याकडे नको. दोन्ही कसं खरं असेल?

तासिकेवाला

दोन्ही खरं आहे दादा, तीच तर गंमत. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) अखत्यारीत आले. मग राज्याच्या सीईटी सेलने २९ मे २०२४ ला प्रवेश परीक्षा घेतली. निम्म्या पालकांना पत्ताच नव्हता, जागा ओस पडल्या, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घेतली. हे बघून बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नाव बदललं. बीकॉम आणि पुढे शेपूट काहीतरी मॅनेजमेंटचं. नाव बदललं की एआयसीटीई नको, सीईटी नको.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एकच विचारा, आणि लेखी मागा: अंतिम पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार? वर अर्धवट_बीकॉम यांनी लिहिलंय ते वाचलंत ना. आणि पुढे एमसीए करायचं मनात असेल तर गणिताची अट असू शकते, बारावीला किंवा पदवीला. तिच्या डिग्रीतलं गणित तिथे धरतात का, तेही आत्ताच विचारून ठेवा, तीन वर्षांनी नको.

हिशेबी_माणूस

तासिकेवाले सर, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. उधारीच्या वहीचा प्रोजेक्ट करणारी पोरं मला आजही चालतील. प्रश्न असा की वर्षाला तसा एक गट निघतो आणि मार्क जातात रेक्झिनला. मग बापाने कोणाच्या भरवशावर पैसे भरायचे?

दादा, तुम्हाला सरळ सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर बीकॉम करून घेतलं असतं. टॅली दुकानातच शिकेल, पायथन यूट्यूबवर.

चिंचवडची_चिमणी

यूट्यूबवर शिकतात ते दादांसारख्यांची मुलं नव्हे हो, ज्यांच्या घरात शांत खोली आणि विचारायला मोठा भाऊ असतो ती. मला प्रोग्रॅमिंगची बॅक राहिली होती. लॅबमध्ये शेजारी बसलेल्या मैत्रिणीने शिकवलं म्हणून सुटली. वर्गाची किंमत फळ्याइतकीच असते असं धरून चालू नका.

राइनकाठचा

दादा, एक विचारू? तुमचं कृषी सेवा केंद्र आहे, मुलगी दुकानात बसते का?

कृषी_सेवा_श्रीरामपूर

बसते की. संध्याकाळी मी गोदामात असलो की गल्ल्यावर तीच. तुमचा सगळा धागा तिला वाचून दाखवला. क्रेडिट नोट ऐकून हसली. आमच्याकडे खरिपानंतर औषधं कंपनीला परत जातात, क्रेडिट नोटांची फाइल तीच लावते. मूळ बिलाला हात लावायचा नाही, नोट वेगळी, तिच्यावर मूळ बिलाचा नंबर, हे तिला पाठ आहे.

तिने धागाकर्त्यांना एक विचारायला सांगितलंय. तिच्याच शब्दांत लिहितो: "काका, शेतकऱ्याने खोकं उघडून चार बाटल्या वापरल्या आणि आठ परत आणल्या. त्या आठांची एक्सपायरी पुढच्या महिन्यात आहे. पप्पा घेतात परत, ओळखीचा माणूस असतो. पण त्या विकता येणार नाहीत आणि कंपनी उघडं खोकं घेत नाही. मग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या आठ बाटल्या स्टॉकमध्ये दाखवायच्या की नाही?"

हिशेबी_माणूस

दादा, या प्रश्नाचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आमच्याकडे चौदा महिने उघडं पडलंय. जालन्याच्या एका गिऱ्हाइकाने टाकलेलं. आम्ही सध्या 'डॅमेज' नावाचं खोटं गोदाम करून त्यात ढकलतो.

तिला विचारा, दुकानात त्या बाटल्या नेमक्या कुठे ठेवता?

कृषी_सेवा_श्रीरामपूर

ती म्हणते, काउंटरखाली निळ्या क्रेटमध्ये. आणि क्रेटवर चिठ्ठी, कोणाच्या ते नाव.