आहे तीच उपकरणं ठेवून किचन ट्रॉल्या करायच्यात, बजेट सव्वा लाख (जुळे सोलापूर)

भाकरीवाली_सून

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचा जुना फ्लॅट आहे, स्वयंपाकघर १० बाय ८. सासूबाई ओट्यावरच भाकरी करतात. आखूड भिंतीला खिडकी आणि खिडकीखाली सिंक. लांब भिंतीला ७ फूट ओटा, पलीकडच्या कोपऱ्यात ३ फूट जागा सोडलेली, तिथं फ्रिज. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, खाली कडप्प्याचे खण. सगळं शाबूत आहे, पण उघडं. धूळ बसते, झुरळं फिरतात आणि मागचा डबा काढायचा तर पुढचे सहा बाहेर.

उपकरणं: डबल डोअर फ्रिज, २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, तीन बर्नरची शेगडी, मिक्सर, भिंतीवरचा आरओ, घरघंटी. सगळी व्यवस्थित चालतात, एकही बदलायची नाही. चिमणी नाही, पुढे कधीतरी घेऊ.

दोन कोटेशनं आलीत. पहिला म्हणतो ओटा फोडा, हॉब (ओट्यात बसणारी शेगडी) बसवा, मायक्रोवेव्ह बिल्ट-इन घ्या. २ लाख ६० हजार, उपकरणं वेगळी. दुसरा आहे त्याच ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर्स म्हणतोय, ७५ हजार, वरची कपाटं त्यात नाहीत. माझ्याकडे सव्वा लाख आहेत आणि गुढीपाडव्याच्या आत व्हायला हवं. पुण्याहून मागवलं तर स्वस्त पडेल का?

शेंगाचटणी

ओटा फोडू नका ओ ताई. ओटा फोडला की टाइल्स आल्या, नळ आला, ड्रेनेज आलं. अर्धे पैसे मलबा उचलण्यात जातील आणि हातात पुन्हा ओटाच.

पुण्याचं म्हणाल तर मागवा खुशाल. पण सहा महिन्यांनी बिजागरी ढिली झाली तर अडीचशे किलोमीटरवरून कोण येणार ती आवळायला?

मापपट्टी

मी याच धंद्यातला, त्यामुळे दुकानाचं नाव कोणाचंच सुचवणार नाही. पण हे वाचून लिहावंसं वाटलं, कारण बहुतेक लोक आधी शटरचा रंग निवडतात आणि फ्रिज कुठे बसणार ते शेवटी बघतात.

एकदा टेप घेऊन बसा आणि प्रत्येक उपकरणाची दोन मापं लिहा, दार बंद असताना आणि पूर्ण उघडल्यावर. तुमचा फ्रिज कोपऱ्यात आहे. बिजागरी भिंतीकडच्या बाजूला असेल आणि फ्रिज भिंतीला चिकटवला, तर दार ९० अंशांवर अडतं आणि भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येत नाही. तिकडे चार-पाच इंच सोडा, ओट्याकडे किमान दोन. आजकालच्या फ्रिजची उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते. सोलापूरचा मे महिना लक्षात घ्या, बाहेर ४२-४३ असताना त्याला हवा मिळालीच पाहिजे. तुमची जागा ३६ इंच आणि फ्रिज साधारण २४ धरला तर थोडी फट उरते. तिथं कोणीतरी तुम्हाला तेलाच्या बाटल्यांचा पुलआउट (बाहेर ओढायचा अरुंद रॅक) विकायला बघेल. घेऊ नका. उद्या मोठा फ्रिज आला तर हीच फट उपयोगी पडेल. फ्रिजभोवती पेटी पण करू नका.

मायक्रोवेव्ह वरच्या कपाटात बसणार नाही. वरची कपाटं १२-१३ इंच खोल असतात, २८ लिटरचा मायक्रोवेव्ह त्याहून बराच खोल आणि मागे पिन, वायर, हवेची फट. त्यासाठी कपाट खोल केलं तर रोज डोकं आपटेल. तुमचा ओटा एल आकाराचा आहे ना? त्या कोपऱ्यात कोणी भाजी चिरत नाही. मायक्रोवेव्ह तिथं तिरका ठेवा. कोपऱ्याखालच्या खणात फिरती जाळी वगैरे महाग प्रकार नको. साधं शटर लावा आणि आत पुरणयंत्र, मोठी पातेली, दिवाळीचे झारे टाका.

घरघंटी ट्रॉलीच्या रांगेत अजिबात नको. जड असते, थरथरते, पीठ उडवते, मोटर तापते. बंद खणात ठेवली तर पिठाचा थर शेजारच्या ट्रॉलीच्या चॅनलमध्ये जाऊन बसतो. बाल्कनीत चाकाच्या पाटावर ठेवा, तिथं पॉइंट काढून घ्या.

आता ट्रॉल्या. तयार जाळ्या १५, १७, १९, २१ इंच रुंदीत मिळतात, खोली बहुतेक २० इंच. टेलिस्कोपिक चॅनलला (ज्या पट्टीवर ट्रॉली सरकते तिला) दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे २१ ची जाळी हवी असेल तर खण आतून २२ हवा. आणि कडप्प्याचा खण कधीच सरळ नसतो. वर, खाली, पुढे, मागे चारी ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. नाहीतर जाळी मागे जाऊन अडकते आणि मिस्त्री कडप्पा घासत बसतो.

नानाकाका_शेळगी

वरील सगळं बरोबर. पण लाकूड कोणतं ते कोणी बोललंच नाही. एचडीएचएमआर (दाबून केलेला दाट बोर्ड) सांगत फिरतात हल्ली सगळे, वॉटरप्रूफ म्हणून. माझं ऐका, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायच घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून.

मापपट्टी

काका, एचडीएचएमआर ओल सोसतं, पाण्यात उभं राहत नाही. शटरला चांगलं, सपाट राहतं, स्क्रू धरतं. सिंकखाली मात्र दोन्ही नको, तिथं पीव्हीसी बोर्ड नाहीतर ॲल्युमिनियमची फ्रेम लावा. तसं या ताईंना बोर्ड लागणार तरी किती? सांगाडा कडप्प्याचा आहे. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. शटर्स आणि चौकट एवढंच लाकूडकाम. म्हणून म्हणतो, आहे त्यावर बांधा आणि वाचलेले पैसे चॅनल-बिजागऱ्यांत घाला. रोज ओढली जाते ती ट्रॉली, लॅमिनेटकडे कोण बघतंय.

नानाकाका_शेळगी

बरं बरं. पण बोर्डाच्या कडेला २ एमएमचं एजबँड (कडेची पट्टी) लावून घ्या, पातळ नको. पातळ निघून येतं आणि ओल तिथूनच शिरते.

विजापूर_रोड_ताई

सासूबाई भाकरी करतात म्हणालात, म्हणून एक विचारते. ओट्याची उंची किती आहे? भाजी चिरायला ३४ इंच बरा वाटतो, पण परातीत पीठ मळताना आणि भाकरी थापताना हात वरून दाबावा लागतो, परातीची उंची त्यात वाढते. ओटा उंच असला की खांदे भरून येतात. उभं राहून कोपर दुमडायचं, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फुटी बाईला ३२-३३ पुरतो. फोडून नवीन करणारे सर्रास ३४-३५ करून ठेवतात, शोरूममध्ये तसाच असतो म्हणून. तुमचा जुना ओटा कमी उंचीचा असेल तर तो तसाच राहू द्या, सासूबाई दुवा देतील.

दुसरं पाण्याचं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. तुमच्याकडे पाणी आलं की स्वयंपाकघरात पिंपं भरायची धांदल असेलच, आणि फरशी ओली होतेच. शटर जमिनीला टेकवू नका. खाली चार इंच सोडून तिथं स्कर्टिंगची पट्टी बसवा आणि ते काढता येणारं हवं. क्लिपवर मिळतं. महिन्यातून एकदा काढून आत झाडू-पोछा मारता येतो, झुरळंही कमी होतात. पिंपाची जागाही नकाशात दाखवा, डिझाइन करणारा तरुण मुलगा ती हमखास विसरतो. आमच्याकडे तो हसत होता, पिंप कशाला म्हणून. पुण्याचा होता!

आडवाटेचा_आप्पा

सिलिंडर कुठं ठेवताय ते कुणी विचारलंच नाही की! ओट्याखाली शटरमागं ठेवणार असाल तर शटरला खालच्या बाजूला जाळी पाडून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, वरच्या भोकांचा काही उपयोग नाही. सिलिंडर उभाच पाहिजे आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. नारंगी सुरक्षा पाइप ट्रॉलीच्या मागून लपवत नेऊ नका, जाळी ओढताना घासतो. पाइपवर तारीख असते, पाच वर्षं झाली की बदला. सिलिंडरच्या खणात बाकी काही कोंबू नका, बटाटे-कांदे तर अजिबात नाही.

भाकरीवाली_सून

अहो किती छान! ओटा मोजला, ३२ इंच आहे. फ्रिजची बिजागरी खरंच भिंतीकडे आहे आणि ट्रे आत्ताच अडतो, मला वाटायचं ट्रेच खराब आहे. घरघंटी बाल्कनीत न्यायचं ठरलं.

चिमणीचं काय करू? आणि दुसऱ्या दुकानदारानं चुंबक लावून दाखवलं, चिकटत नाही म्हणजे स्टील ३०४, चांगल्या प्रतीचं आहे म्हणाला.

मापपट्टी

चुंबकाच्या नादाला लागू नका. २०२ हे हलक्या प्रतीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, सिंकजवळची जाळी २०२ ची असेल तर आधी जोडांवर तांबूस ठिपके येतात. बिलावर ‘३०४’ लिहून मागा. लिहायला नाही म्हणाला तर समजून जा. मसाल्याच्या आणि धान्याच्या जाळ्या कोरड्या जागी आहेत, तिथं २०२ घेतलं तरी चालेल, तेवढे पैसे वाचतील.

चिमणी आत्ता नको, पण तिची जागा आत्ताच सोडा. तीन बर्नरच्या शेगडीला ९० सेंटिमीटरची चिमणी लागते, ६० ची कडेच्या बर्नरचा धूर घेत नाही. म्हणून शेगडीवर तीन फूट भिंत मोकळी ठेवा, त्या तीन फुटांत कपाट करू नका. सहा इंची पाइपचं भोक बाहेरच्या भिंतीला कुठून जाईल ते ठरवा आणि वरच्या बाजूला एक प्लग पॉइंट काढा. तोवर खिडकीच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट फॅन लावा, खर्च कमी. डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) नसलेली चिमणी कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका. फोडणीची ठसकी ती तशीच घरात फिरवते.

वायरिंग मात्र ट्रॉलीच्या आधी. मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा पॉइंट, फ्रिजला स्वतःचा. पुढे इंडक्शन घेतलात तर ते २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर ओढतं, ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचं नाही. एक जादा १६ चा पॉइंट आत्ताच करून ठेवा. शटर्स बसल्यावर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.

शेंगाचटणी

वरची कपाटं अर्धीच करा ताई. सिंकवर खिडकी आहेच, शेगडीवर चिमणीची जागा. उरलं ते फ्रिजकडचं टोक आणि कोपरा. तेवढ्यात रोजची भांडी बसतात. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या चिनी मातीच्या बरण्यांसाठी काचेचं शटर करू नका म्हणजे झालं, तेलाचा धूर बसून आठवड्यात पिवळं दिसतं.

भाकरीवाली_सून

हे असं ठरतंय. ट्रॉल्या, शटर्स आणि स्कर्टिंग ७०, वरची अर्धी कपाटं ३०, वायरिंग आणि प्लंबिंग १२. बाकी १३ हातात ठेवायचे. शटर्स फिकट मॅट, १ एमएमचं लॅमिनेट. काळं चकचकीत नको, बोटांचे आणि क्षाराचे डाग लगेच दिसतात.

दुसऱ्या दुकानदाराला ७५ चं ७० करायला सांगते, फ्रिजशेजारचा पुलआउट त्यानं धरला होता तो काढला की होईल.

मापपट्टी

होईल. फक्त कोटेशन रनिंग फुटात (नुसत्या लांबीवर) आहे की स्क्वेअर फुटात ते विचारा आणि १८ टक्के जीएसटी आत आहे की बाहेर तेही. ७० वर १८ टक्के म्हणजे १२ हजार ६००, तुमचे हातातले १३ तिथंच संपतील. चॅनल कुठलं, जाळी ३०४ की २०२, बोर्ड कोणता, सगळं कागदावर घ्या. शेवटचा हप्ता सगळी शटर्स एका रेषेत आल्यावर आणि ट्रॉल्या भरून ओढून बघितल्यावरच द्या. रिकामी ट्रॉली कोणतीही हलकीच चालते, किलोचे चार डबे आणि कुकर ठेवून बघा.

विजापूर_रोड_ताई

आणि पाडव्याच्या आत हवं असेल तर ॲडव्हान्स आजच द्या. संक्रांत झाली की सगळे मिस्त्री लग्नघरांच्या कामात अडकतात. काम सुरू असताना शेगडी बाल्कनीत मांडायची तयारी ठेवा, मात्र घरघंटी तिथं जाण्याआधी.