‘आपली मंडळी’ ग्रुप: बेंगलोर की बेळगाव?

मामा वडगाव: सोन्याला कॉमेडकेतनं (खाजगी कॉलेजांची प्रवेश परीक्षा) बेंगलोरला सीट लागली. कॉम्प्युटर सायन्स!

आत्या खानापूर: अभिनंदन रे सोन्या!! पेढे कधी?

दादा पुणे: कर्नाटक सरकारच्या सीईटीतनं बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्स मिळालंय ना त्याला? मग काय ठरलं?

मामा वडगाव: ठरायचं काय त्यात. बेंगलोर ते बेंगलोर. अडीच लाख फी आहे, भरू की कसंतरी. एकुलता एक पोरगा.

तात्या टिळकवाडी: कसंतरी म्हणजे कसं, तेवढं लिहा बघू. फी अडीच लाख, पीजी आणि जेवण धरून वर्षाला दीड लाख. चार वर्षांचे 16 लाख झाले. त्यात लॅपटॉप नाही, गणपती-दिवाळीचं जाणं-येणं नाही. इथली सीट सरकारी कोट्यातली, फी लाखभर, जेवण घरचं. बाकीचं धरून पाच लाखांत पोरगा इंजिनिअर होतोय. वरच्या 11 लाखांचं बोला.

बापू शहापूर: तात्या, माझ्या सोन्याला स्कॉलरशिप मिळंल की. एसएसपीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायलोय.

तात्या टिळकवाडी: कर, जरूर कर. पण ती धरून फीचा हिशेब मांडू नको. कॉलेजला पैसे ॲडमिशनच्या दिवशी लागतात. स्कॉलरशिप मंजूर होऊन खात्यावर यायला वर्ष सरतं, कधी दुसरं उजाडतं. शिवाय प्रवर्गाप्रमाणे उत्पन्नाची अट वेगळी, आणि आधार बँकेच्या खात्याला जोडलेलं नसलं की मंजूर पैसेही अडकतात. आली तर पुढच्या वर्षीच्या फीला होईल, असंच धरून चाल.

वहिनी अनगोळ: एसएनक्यूचं, म्हणजे जादा जागांच्या कोट्याचं बघितलंत का? प्रत्येक कॉलेजात पाच टक्के जादा जागा असतात. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे. ट्यूशन फी माफ, बाकीची फी भरावी लागते. रँक मात्र चांगली लागते.

बापू शहापूर: रँक तेवढी नाही ओ. मागावरचं उत्पन्न तर 8 लाखांच्या लईच आत आहे!

मामा वडगाव: मग येळ्ळूरचं शेत कशाला ठेवलंय?

आत्या खानापूर: मामा, ते आईच्या नावावर आहे. ग्रुपवर नको हा विषय.

दादा पुणे: शेत कशाला, लोन काढा ना. आता केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजनेत तारणही नको, जामीनदारही नको.

वहिनी अनगोळ: यादीतल्या कॉलेजांनाच आहे ते. सोन्याचं कॉलेज यादीत आहे का, आधी बघा. आणि लोन फुकट नसतंय. मी रोज बँकेत काउंटरवर हेच सांगत असते. समजा 5 लाख घेतले, वर्षाला सव्वा लाख असे, व्याज 10 टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही. पण सरळ व्याज चढतच असतं, ते पावणेदोन लाख होतं. हप्ता सुरू होताना डोक्यावर पावणेसात लाख. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला 8900 च्या आसपास. हेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी साधारण 1050, तर पुढे हप्ता 6600 वर येतो. आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर तांत्रिक कोर्सला शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. बापू, तुम्ही त्यात बसता. कॉलेजला नॅक किंवा एनबीएची मान्यता पाहिजे.

मामा वडगाव: 8900? मग 16 लाखांना तर...

वहिनी अनगोळ: तिपटीहून जास्त. 28 हजारांच्या वर.

दादा पुणे: इथे पुण्यात फ्रेशरला हातात 25 हजार पडतात बऱ्याच जणांना. खोलीचं भाडं वेगळं.

काकू निपाणी: कोल्हापूरला का नाही बघत? सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना तिकडं प्रवेश असतोय ना?

दादा पुणे: असतो काकू, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला काढावा लागतो. पण त्याला तिकडची सीईटी किंवा जेईई पाहिजे. सोन्याने दोन्ही दिल्या नाहीत. धाकटीच्या वेळी ध्यानात ठेवा.

सोन्या: मी बोलू का? मला सीएसच पाहिजे. पण 16 लाखांना नको. बाबांचे दोन माग बंद आहेत, मला दिसतंय की.

तात्या टिळकवाडी: शाब्बास. मग सीईटीची मिळालेली सीट सोडू नको. चॉइस टू टाक. सीट हातात राहते आणि पुढच्या फेरीत यादीतल्या वरच्या ऑप्शनला संधी मिळते. बेळगावातली सीएस वर लावलीस ना?

सोन्या: हो, पहिल्या तीनमध्ये.

मामा वडगाव: आणि नाहीच मिळाली तर?

सोन्या: मग इलेक्ट्रॉनिक्स. कोडिंग काय, घरी बसूनपण शिकता येतंय.

मामा वडगाव: बघा बाबा. मला पटेना, पण पैसे भरणार तुम्ही.

बापू शहापूर: वहिनी, लोनला उत्पन्नाचा दाखला जुना चालतोय? तीन वर्षांमागं नाडकचेरीतनं (महसूल ऑफिस) काढलेला आहे.

वहिनी अनगोळ: त्याची मुदत पाच वर्षं असते. पण व्याजाच्या सवलतीला बँक ताजा मागू शकते. दाखल्यावरचा आरडी नंबर दिसेल असा फोटो काढून मला टाका, ग्रुपवर नको. सोमवारी मॅनेजरना विचारून सांगते.