टक्केवारीपेक्षा उत्तरपत्रिका बघा

चाचण्यांच्या निकालावरून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विषय ठरवावेत, अशी एक सूचना आहे. अगदी मान्य. पण ‘आपलं केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) गणितात मागे’ एवढ्या माहितीवरून विषय ठरला, तर पुन्हा तेच सरसकट प्रशिक्षण माथी येतं.

साधं उदाहरण घ्या: 52 − 27. एक मूल 35 लिहितं. त्यानं 7 मधून 2 वजा केले, म्हणजे दशक सुटा करायचा असतो हेच त्याला उमगलेलं नाही. दुसरं मूल 24 लिहितं. त्यानं दशक सुटा केला, फक्त 12 मधून 7 काढताना मोजण्यात गडबडलं. निकालाच्या तक्त्यात दोघांना शून्यच. पण पहिल्या प्रकारची उत्तरं वर्गभर दिसली, तर बाईंना गठ्ठे-सुट्टे वापरून वजाबाकी कशी शिकवायची यात मदत हवी आहे. दुसऱ्या मुलाला थोडा सराव पुरे.

मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या, 2005 पासूनच्या ‘असर’ पाहणीत मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला देतात. मूल कुठे अडलं ते लगेच कळतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, प्रत्येकानं आपल्या वर्गाच्या पाच-सहा उत्तरपत्रिका आणून अशा चुका एकत्र पाहाव्यात. भाषणांपेक्षा तो तास कितीतरी उपयोगी ठरेल.

एक अट मात्र हवीच: या आकड्यांवरून कोणाला नोटीस जाता कामा नये. ती भीती असली की उत्तरं फळ्यावर येतात, आणि मग माहितीच खोटी ठरते.