भाड्याच्या सर्व्हरवर व्हीएममधून बाहेर पिंग जाईना गेलंय

आडत_लातूर:
नमस्कार. लातूरच्या मोंढ्यातल्या अकरा आडत दुकानांचं पट्टीचं (शेतमाल विक्रीच्या हिशोबाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ते एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतं. लाईट गेली की सगळ्यांच्या पट्ट्या अडायच्या, शेतकरी ताटकळायचा. म्हणून जर्मनीतला सर्व्हर भाड्यानं घेऊन प्रॉक्समॉक्स टाकलं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) चालवणारं सॉफ्टवेअर. एक व्हीएम सॉफ्टवेअरला, एक डेटाबेसला, जास्तीचा एक आयपी.

व्हीएम ब्रिजला (होस्टमधल्या, म्हणजे मूळ सर्व्हरमधल्या, आभासी स्विचला) जोडून आत तो आयपी दिला. होस्टवरून व्हीएम दिसतं, व्हीएममधून बाहेर काहीच जाईना. वरून कंपनीची मेल आली: अनोळखी मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) दिसतोय, बंद करा. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत हे बसवायचंय.

नांदेडकर:
दादा, आधी तो ब्रिज बाहेरच्या कार्डापासून सोडवा. कंपनीचा स्विच तुमच्या कार्डाचा मॅक तेवढाच ओळखतो. ब्रिजमुळे व्हीएमचा स्वतःचा मॅक बाहेर पडतो आणि तिथंच अडतो.

राउटेड करा, म्हणजे व्हीएमची पॅकेट होस्टनंच आयपी बघून पुढं पाठवायची. मुख्य आयपी थेट कार्डावर ठेवा. ब्रिजला एकही पोर्ट देऊ नका, त्यावर तोच मुख्य आयपी /३२ म्हणून (फक्त तो एकच पत्ता) लावा. जास्तीचा आयपी, समजा २०३.०.११३.१०, त्याचा /३२ रूट ब्रिजकडे वळवा आणि होस्टवर आयपी फॉरवर्डिंग (पॅकेट पुढं पाठवणं) १, म्हणजे चालू, करा. व्हीएममध्ये २०३.०.११३.१०/३२, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) होस्टचा मुख्य आयपी. /३२ मुळे गेटवे नेटवर्कच्या बाहेर पडतो, म्हणून तिथं 'ऑनलिंक' (गेटवे थेट जोडलेलाच आहे असं सांगणारा शब्द) लिहावंच लागतं. माझी एक अख्खी रात्र त्या एका शब्दापायी गेली होती, सकाळी क्लासच्या पोरांची ऑनलाइन चाचणी होती.

डेटाबेसला मात्र बाहेरचा आयपी देऊच नका. लोकांच्या पैशाचा हिशोब आहे तो. दुसरा ब्रिज करा, १०.१०.१०.०/२४, त्यावर दोन्ही व्हीएम जोडा. अपडेटपुरतं बाहेर जायला होस्टवर मास्करेड (होस्टच्याच आयपीनं बाहेर जाऊ देणं) पुरतं.

परभणी_लिनक्स:
कंपनीनं तो आयपी तुमच्या मुख्य आयपीकडे राउट केलाय का, हे विचारून घ्या. नसेल आणि तो त्याच सबनेटमधला असेल, तर बाहेरच्या कार्डावर प्रॉक्सी एआरपी (व्हीएमच्या आयपीसाठी होस्टनं स्वतःचा मॅक सांगणं) चालू करावी लागेल. आणि नेटवर्कची फाईल बदलण्याआधी रेस्क्यू कन्सोल (कंपनीनं दिलेला अडीअडचणीचा स्क्रीन) उघडतो का ते बघा. एसएसएच (सर्व्हरवर लांबून लॉगिन) तुटलं तर आत जायला तेवढाच रस्ता उरतो.

आडत_लातूर:
आयपी राउट केलेलाच आहे, मेलवर उत्तर आलं. सगळं सांगितल्यासारखं केलं तरी जाईना. टीसीपीडंप (पॅकेट बघायचं टूल) लावलं तर पॅकेट ब्रिजवर येत होतं, बाहेरच्या कार्डावरून निघत नव्हतं. फॉरवर्डिंग शून्यच! मी कमांडनं १ केलं होतं, रीबूटनंतर ते गेलं.

नांदेडकर:
कमांडनं केलेलं टिकत नाही. सिस-सीटीएलच्या (लिनक्स कर्नलच्या सेटिंगच्या) फाईलमध्ये लिहा.

आडत_लातूर:
लिहिलं, दोनदा रीबूट करून पाहिलं, पिंग जायलंय. आज एका दुकानातून पट्टीही काढली. डेटाबेस रविवारी मोंढा बंद असताना हलवतो. दादा, मनापासून आभार.